उद्या डावीकडं कोण?

फुटबॉलच्या फायनलच्या आदल्या दिवशी आमच्या पेठेतली भाजीवालीसुद्धा लेफ्ट बॅकबद्दल, म्हणजे डाव्या बाजूला बचाव करणाऱ्या खेळाडूबद्दल, आपलं मत ऐकवल्याशिवाय वांगी तोलत नाही. "त्या पोराला उद्या बसवा म्हणावं. पाय चांगला हाय, पर काळीज सशाचं हाय," असं ती म्हणाली आणि कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत फुकट टाकत पुढं म्हणाली, "राग मानू नगा वहिनी, आपला म्हणून बोलले." तो पोरगा म्हणजे माझ्या दिराचा मुलगा. घरात आम्ही त्याला धाकटाच म्हणतो, इथंही तेच म्हणते.

पेठेचं नाव सांगत नाही. सांगितलं की निम्मं कोल्हापूर इथंच वाचायचं थांबेल आणि उरलेलं निम्मं शेवटपर्यंत वाचून चुका काढेल.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. क्रिकेट आमच्याकडंही चालतं, पण पेठेची इभ्रत असते फुटबॉलवर. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेत मैदान बांधलं, पेठापेठांत तालमी घुमायला लागल्या. पुढं त्याच तालमींच्या आणि मंडळांच्या नावानं फुटबॉलचे संघ उतरले. त्यामुळं परगावच्या माणसानं सामन्यांची यादी वाचली तर त्याला वाटावं, कुस्त्यांचा फडच आहे: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडी आहे, जुना बुधवार पेठ आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची लीग असते, शिवाय महापौर चषक, अटल चषक अशा बाद पद्धतीच्या स्पर्धा. थंडी पडल्यापासून उन्हाळा पेटेपर्यंत शाहू स्टेडियमला उसंत नसते. दुपारी चारच्या सामन्याला सिमेंटच्या पायऱ्या अशा तापलेल्या असतात की जाणती माणसं बुडाखाली घालायला घरून वर्तमानपत्र घेऊन येतात.

मी मूळची कराडची. लग्न होईपर्यंत फुटबॉल म्हणजे चार वर्षांतून एकदा टीव्हीवर दिसणारी गोष्ट. इथं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की या घरात साखरपुड्याची तारीखसुद्धा लीगचं वेळापत्रक बघून धरतात. ऑफसाइड मला मामंजींनी शिकवला, जेवणाच्या पाटावर, मिठाची वाटी आणि लिंबाच्या फोडी सरकवून. आता मला या खेळातलं बरंच कळतं, पण मत मात्र कुणी विचारत नाही. एका अर्थी ते बरं. ज्याला मत विचारत नाहीत त्याला सगळं ऐकायला मिळतं.

आमच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीखाली तालमीचा कट्टा आहे. फायनलच्या आदल्या रात्री तिथं जे चालतं त्याला चर्चा म्हणणं म्हणजे पंचगंगेच्या पुराला ओलावा म्हणण्यासारखं आहे. मी भाकऱ्या थापत असते आणि एकेक वाक्य खिडकीतून आत येऊन पडत असतं.

"मधल्या फळीत तीनच घ्या. चार घेतले की आपलेच आपल्याला आडवे येत्यात."

"आरं, त्यांचा तो दहा नंबर सुटला की तुझे तिघं काय आरती वोवाळणार हाईत काय?"

"आधी गोलीचं बघा. टायब्रेकर लागून पेनल्टींवर आलं तर काय करणार?"

"टायब्रेकर लागूच कशाला द्यायचा?"

"आन् डावीकडं तेच पोरगं?"

इथं आवाज जरा खाली येतो. खिडकी उघडी आहे हे कुणाच्या तरी लक्षात येतं. मग कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, "पोरगं चांगलं हाय. फक्त मॅच मोठी झाली की बारीक होतंय."

कट्ट्यावर नेहमी तीन तट असतात. पहिला आकड्यांचा. मैदानावरची मांडणी चार-तीन-तीन की चार-चार-दोन, कोण दमला, कोणाला दोन पिवळी कार्डं आहेत. यात कॉलेजची पोरं जास्त. ती मोबाईलवर युरोपातले सामने बघत मोठी झालेली. दुसरा तट आपला-परका. गेली कित्येक वर्षं आमच्याकडं गोव्यातून, कोलकात्यातून, थेट नायजेरियातून खेळाडू आणायची पद्धत आहे. त्यांचा खर्च वर्गणीतून, देणग्यांतून निघतो आणि असा एक खेळाडू घेतला की पेठेतला एक पोरगा बाकावर जाऊन बसतो. त्या पोराचा बाप, चुलते, मामा, झालंच तर चौकातला केशकर्तनालयवाला, सगळे दुसऱ्या दिवशीपासून परक्यांच्या विरोधात. संघ जिंकला की विरोध मावळतो, हरला की, "पैसे घेऊन खेळणाऱ्याला पेठेचं काय पडलंय?"

तिसरा तट जिगरवाल्यांचा. हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत जुना. यांच्या मते फुटबॉल पायांनी खेळतच नाहीत. काळजानं खेळतात, छातीनं खेळतात, रगीनं खेळतात. "आमच्या टायमाला चप्पल काढून मैदानात उतरायचो, नडगी फुटली तरी बाहेर यायचो न्हाई." या तटाला हरवता येत नाही. जिंकलो तर जिगर होती, हरलो तर जिगर कमी पडली. शून्य-शून्य झालं तर पूर्वार्धात कमी पडली आणि उत्तरार्धात आली. जे सगळ्याचंच उत्तर आहे त्यातून उद्यासाठी काही निघतं का, हे मी भाकरी उलटताना मनात विचारते. मोठ्यानं विचारायची सोय नाही, कारण या तटाचे अध्वर्यू आमचेच हे आहेत.

तसं बघायला गेलं तर ही भांडणं फक्त पेठेच्या संघापुरती नसतात. विश्वचषक आला की अर्धी गल्ली अर्जेंटिना, अर्धी ब्राझील. चौकाचौकांत मेस्सी आणि नेमारचे फलक. २०२२ साली २२ नोव्हेंबरला, मंगळवारी दुपारी, सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला २-१ हरवलं तेव्हा आमच्या घरात चहा कुणी मागितला नाही. संध्याकाळी कट्ट्यावर निकाल लागला होता: या संघात दम नाही, दडपण आलं की मान टाकतात, मेस्सीच्या नशिबात नाही. तेच शब्द, जे पेठेच्या संघाला वापरतात. माणसं हजारो कोसांवरची, कट्ट्यानं एकदाही न भेटलेली, पण त्यांच्या काळजाचा एक्स-रे कट्ट्याजवळ तयार.

स्कालोनी नावाच्या त्यांच्या प्रशिक्षकानं काय केलं? पुढच्या सामन्यात मेक्सिकोविरुद्ध एका दमात पाच जण बदलले. उत्तरार्धात एन्झो फर्नांडेसला बाकावरून उठवलं, त्यानं ८७ व्या मिनिटाला गोल केला. पुढच्या पोलंडच्या सामन्यात तो आणि हुलियन अल्वारेझ सुरुवातीपासून आत. लाउतारो मार्टिनेझसारखा नावाजलेला फॉरवर्ड बाहेर. त्या सामन्यात मेस्सीची पेनल्टी अडवली गेली, तरी मॅकअॅलिस्टर आणि अल्वारेझ यांच्या गोलांवर ते जिंकले. डिसेंबरात विश्वचषक घेऊन गेले. आता मंगळवार ते शनिवार एवढ्यात त्या संघात कुठल्या दुकानातून जिगर आणली? माणसं बदलली, जागा बदलल्या. मेक्सिकोविरुद्धचा पहिला गोल मेस्सीचा होता आणि मेस्सीला काही कुणी बदललं नव्हतं, हा मुद्दा आमचे हे आजही सोडत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. पण बाकीच्या जागा बदलल्यावर मेस्सीभोवती पळणारे पाय ताजे झाले, हे ते टीव्हीवर माझ्या शेजारी बसूनच बघत होते.

मामंजी होते तोवर या वादाचा शेवट ते १९६२ वर आणून करायचे. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतल्या फुटबॉलचं सुवर्णपदक त्यांना मुखोद्गत होतं, आणि सांगताना ते कधी घाई करत नसत. माझ्याही डोक्यात ते आता त्यांच्याच क्रमानं बसलंय.

प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशानं मूळचे शिक्षक. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी. भारत ०-२ हरला. दुसऱ्या सामन्यात थायलंडला ४-१ हरवलं, पण त्यात जर्नेल सिंगच्या डोक्याला जबर लागलं, टाके पडले. जर्नेल म्हणजे त्या काळचा आशियातला नावाजलेला बॅक. पुढचा जपानचा सामना तो बसला. मग उपांत्य फेरी, दक्षिण व्हिएतनाम. आता टाके पडलेल्या बॅकचं काय करायचं? कट्टा असता तर दोनच पर्याय सुचले असते: बसवा, नाहीतर पट्टी बांधून बॅकलाच उभा करा, बघू किती जिगर आहे. रहीमसाहेबांनी त्याला नेऊन सेंटर फॉरवर्डला, म्हणजे गोल मारायच्या जागी, उभा केला. बॅकला! उपांत्य सामन्यात त्यानं गोल केला, भारत ३-२ जिंकला.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशीच. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. त्यामुळं यजमानांची सगळी आग भारतीय चमूवर. स्टेडियम खच्चून भरलेलं आणि भारताच्या पायाला चेंडू लागला की हुर्यो. मैदानावर जाताना बसमध्ये जर्नेल खाली वाकून बसला, फेटा दिसला तर दगड येतील म्हणून, असं सांगतात. प्रेक्षकांत पाकिस्तानचा हॉकी संघ तेवढा भारताच्या बाजूनं ओरडत होता, असंही सांगतात. मामंजी हे सांगताना दर वेळी थोडे थांबायचे. रहीमसाहेबांनी गोलमध्येही बदल केला. प्रद्युत बर्मनऐवजी आजारातून उठलेला, उंचापुरा पीटर थंगराज. पी. के. बॅनर्जीनं पहिला गोल मारला, लगोलग डोक्याला टाके असलेल्या त्या बॅकनं दुसरा. कोरियाचा गोल आला तो अगदी शेवटी शेवटी. भारत २-१. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगानं धरलं होतं. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

इथं आल्यावर जिगरवाले उसळून म्हणायचे, "बघा! डोक्याला टाके आन् गोल! ह्याला म्हणत्यात काळीज!" आणि मामंजी शांतपणे विचारायचे, "काळीज जर्नेलचं, कबूल. पण त्याला फॉरवर्डला कुणी न्हेला?"

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात येतं. काळीज कुणाला किती दिलंय हे देव जाणे. प्रशिक्षकाच्या हातात एवढंच की कोणाला कुठं उभं करायचं. आदल्या रात्री भाषण ठोकून सशाचा वाघ होत नाही. पण ससा कुठं पळेल आणि कुठं थिजेल हे ज्याला माहीत आहे, त्याला वाघ नसला तरी चालतो.

आता धाकट्याकडं येते. वय वीस, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तेव्हा हा शाळेत होता. त्या वर्षी पेठेतल्या प्रत्येक आईकडं बुटांची मागणी गेली. याचे पहिले बूट मी घेऊन दिलेत, महाद्वार रोडवरून, एक नंबर मोठे, पुढं कापूस घालून. डाव्या पायाचा आहे. डावखुरा बॅक मिळणं सोपं नसतं, म्हणून अठराव्या वर्षीच पेठेच्या संघात आला. लीगमध्ये छान खेळला. आणि मग उपांत्य सामन्यात उत्तरार्धात त्याच्या पायाखालून साधा चेंडू गेला, नंतर थ्रो चुकला, नंतर तर चेंडू आला की तो आधी गॅलरीकडं बघायला लागला. सामना आम्ही जिंकलो, पण कट्ट्यानं नोंद केली. "मॅच मोठी झाली की बारीक होतंय."

फायनलच्या आदल्या रात्री तो आमच्या स्वयंपाकघरात बसला होता. खाली त्याच्या नावानं जे चाललं होतं ते त्यालाही ऐकू येत होतं. खिडकी लावायला उठले तर म्हणाला, "राहू दे काकी, नुसतं पुटपुटलेलं जास्त वाईट वाटतं." डाव्या घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. घोटा दुखत नव्हता. ताटात अर्धी भाकरी तशीच. पांढरा रस्सा तेवढा प्यायला, तोही मी उभी राहिले म्हणून. आजी दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन आली तर तिच्यासमोर मुकाट मान खाली घातली. एरवी पळून जातो.

साडेनऊच्या सुमाराला सर आले. सर म्हणजे संघाचे प्रशिक्षक, दिवसा नोकरी करतात. कट्ट्यावरच्या माणसांनी त्यांना जिना चढताना बघितलं आणि खालचा आवाज एकदम बंद झाला. मी चहा टाकला. मला वाटलं होतं, आता दोन शब्द धीराचे, पाठीवर थाप, पेठेची आण वगैरे. सरांनी त्यातलं काहीच केलं नाही. बशीत चहा ओतून घेतला आणि विचारलं, "सेमीला सेकंड हाफमध्ये तू कुठल्या गॅलरीसमोर होतास?"

"आपल्या."

"फर्स्ट हाफला?"

"त्यांच्या."

"फर्स्ट हाफला बरा खेळलास."

धाकटा गप्प. मग बँडेजकडं बघत म्हणाला, "त्यांनी शिव्या द्यायच्याच असतात, सर. त्यांचं काय वाटत न्हाई. आपल्यातली माणसं वळखीची. पास चुकला की कोण वरडलं ते आवाजावरनं कळतंय. सकाळी त्याच माणसाकडनं दूध आणायचं असतंय."

सर "बरं" म्हणाले, चहा संपवला आणि गेले. जाताना मला म्हणाले, "वहिनी, लवकर झोपवा याला." एवढंच.

ज्यांनी शाहू स्टेडियमवर सामना बघितलाय त्यांना हे वेगळं समजावायला नको. दोन्ही पेठांची माणसं वेगवेगळ्या बाजूंना बसतात, मध्ये पोलिसांचा बंदोबस्त. दोन गटांत हुल्लडबाजी होऊन सामने थांबल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. पण समोरच्यांना दिलेल्या शिव्या सगळ्यांना ऐकू येतात, त्यांची बातमी होते. स्वतःच्या पोराला दिलेल्या शिव्यांची बातमी होत नाही. आमच्या गॅलरीत मी जावेबरोबर बसते तेव्हा मागून येणारे शब्द मला घरी सांगता येत नाहीत, आणि ते देणाराच संध्याकाळी दारात येऊन "पोरानं जेवलं काय?" म्हणून काळजीनं विचारतो. दोन्ही खरंच असतं. तो माणूस दुटप्पी नाही. त्याला वाटतं, ओरडल्यानं जिगर येते. त्याच्या वस्तादानं त्याला तसंच वाढवलंय.

दुसऱ्या दिवशी टॉस झाला, बाजू ठरल्या, आणि आमच्या गॅलरीत हलकल्लोळ. धाकटा डावीकडं नव्हताच. उजवीकडं उभा होता. डावखुरा पोरगा राइट बॅक! आमच्या नाकासमोर, डावीकडं, उभा होता मणिपूरकडून आणलेला आमचा राइट बॅक.

"सरांचं डोकं फिरलं!"

"सेटिंग हाय काय रं?"

कॉलेजच्या पोरांनी मात्र दहा मिनिटांत उलगडा केला. त्यांचा उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करणारा, आत कापतो, म्हणून त्याच्यासमोर उजव्या पायाचा बॅक दिलाय. युरोपात असंच करतात. गॅलरीत पुढून मागं ही बातमी पसरली आणि सरांची बुद्धी वाखाणली गेली. मी जावेकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. डाव्या बाजूला टॉसनं आमची गॅलरी आली होती, एवढंच. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, दोन्ही बॅकनी आपसांत जागा बदलल्या, आणि धाकटा पुन्हा पलीकडच्या गॅलरीसमोर. सबंध सामना तो त्यांच्या शिव्या खात खेळला, आणि मजेत खेळला. पूर्वार्धात त्यांचा तो चपळ पोरगा याच्या बाजूनं एकदाच निसटला.

आणि मणिपूरचा तो पोरगा? परका, पैसे घेऊन खेळणारा, ज्याला पेठेचं काही पडलेलं नाही असा. पूर्वार्धात त्याचा एक क्लिअरन्स थेट समोरच्याच्या पायात गेला आणि आमच्या गॅलरीनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं वर बघितलं, हसला, हात हलवला. त्याला वाटलं आम्ही त्याला प्रोत्साहन देतोय. त्याला मराठी येत नाही. संघात ज्या एका माणसाला आमची गॅलरी बाधत नव्हती, त्याला सरांनी आमच्या गॅलरीसमोर उभं केलं होतं. परका खेळाडू घ्यावा की घेऊ नये यावर कट्ट्यानं एवढी वर्षं घासली, त्यात हा फायदा कुणाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

सामना १-१ राहिला आणि टायब्रेकर लागला. मग अर्थातच गोलीचा वाद जिवंत झाला. आमचा पहिला गोली चेंडू धरण्यात पक्का, पण पेनल्टीला आधीच एका बाजूला झुकतो. दुसरा उंच आहे, शेवटपर्यंत उभा राहतो. २०१४ च्या विश्वचषकात हॉलंडचे प्रशिक्षक व्हान खाल यांनी कोस्टा रिकाविरुद्ध जादा वेळ संपता संपता पहिला गोली सिलेसनला बाहेर काढून टिम क्रूलला आत घेतलं होतं, क्रूलनं दोन पेनल्टी अडवल्या आणि हॉलंड जिंकलं, हे आमच्या कट्ट्यावर शेंबड्या पोराला माहीत आहे. पुढच्याच उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध बदली खेळाडू वापरून संपले होते, सिलेसनच राहिला, त्यानं एकही अडवली नाही आणि ते हरले, हे मात्र कुणी आठवणीनं सांगत नाही. आमचंही तसंच झालं. बदल संपले होते. एकाच्या मांडीत गोळा आला होता, एकाचा घोटा मुरगळला होता. ऐन वेळी दमलेल्या माणसाला बदलायचं की टायब्रेकरसाठी एक राखून ठेवायचा, हा हिशेब मैदानाच्या कडेला उभं राहून करायचा असतो, कट्ट्यावर बसून नव्हे. आमच्या गोलीनं एक पेनल्टी अडवली. आमच्या दोघांनी बाहेर मारल्या. हरलो.

बक्षीस समारंभात आमच्याकडं सामनावीराबरोबर "लढवय्या" म्हणून आणखी एका खेळाडूचा गौरव करतात, आणि तो बहुतेक हरलेल्या संघातलाच असतो. मला हा मान मनापासून आवडतो. हरलेल्यांतही कुणी लढलं होतं हे जाहीरपणे सांगणारी पद्धत फार ठिकाणी नसावी. त्या दिवशी लढवय्या ठरला आमचा मधल्या फळीतला कप्तान, आणि योग्यच होतं.

कट्टा त्या रात्री उशिरापर्यंत भरला होता. जिगर कमी पडली, यावर एकमत झालं. पेनल्टी बाहेर मारणाऱ्या दोघांपैकी एक पेठेतला होता आणि एक बाहेरचा, त्यामुळं आपला-परका तटाची पंचाईत झाली आणि ते लवकर घरी गेले. सरांच्या त्या जागाबदलाबद्दल कॉलेजच्या पोरांनी पुन्हा एकदा विंगरचा सिद्धांत मांडला. आमचे हे तेव्हा कट्ट्यावरच होते. आदल्या रात्री चहाच्या वेळी ते तालमीत होते, त्यामुळं खरं काय ते त्यांना माहीत नव्हतं, मी सांगितलं ते आठवडाभरानं, आणि त्यांनी ऐकून घेतल्यावर एवढंच विचारलं, "आपल्या गॅलरीतनं एवढं बोलत्यात?" वीस वर्षं त्याच गॅलरीत बसणारा माणूस. मी काही बोलले नाही, पण पुढच्या सामन्याला ते जरा खालच्या पायरीवर बसले, आणि मागं वळून एकदोनदा बघितलं.

जिगरवाल्यांनी धाकट्याचा विषयही त्या रात्रीच निकालात काढला होता. मी खिडकीतच होते.

"ते पोरगं फर्स्ट हाफला काय पळालं बघितलं काय? मूळचं राइट बॅकच हाय ते."

"मी कधीपासनं सांगतोय. डावीकडं उगंच वाया घालवलं."

"पुढच्या सीझनला उजवीकडं त्यालाच पक्का करा. तिकडं गेलं की काळीज येतंय त्याला."

भाजीवालीचंही आता हेच मत आहे. तिनं सरांना तसा निरोपही धाडला. सर हसले म्हणे. धाकटा सध्या रोज पहाटे मैदानावर जाऊन उजव्या पायानं क्रॉस मारायला शिकतोय; दहातले सात गोलपोस्टच्या मागं जातात.